आधी मान, मग हात

मामेबहिणीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी काकणं भरायला कासारीण घरी आली होती. माजघरात सतरंजी टाकून बसली, हिरव्या काकणांच्या माळा सोडल्या आणि घरातल्या बायका पाळीपाळीनं तिच्यासमोर हात पुढे करू लागल्या. नवरीचा चुडा झाला, मामीचा झाला, मग धाकट्या मावशीची पाळी आली. तिनं उजवा हात पुढे केला. कासारणीनं पंजा हातात घेऊन अंगठ्याखालचा उंचवटा चेपत सव्वादोनची काकणं एकामागून एक चढवली आणि सवयीनं म्हणाली, "दुसरा द्या." मावशीचा डावा हात पदराखाली होता. "एकातच पुरेत गो," असं ती म्हणेपर्यंत कासारणीनं पदर सारून तो हात ओढून घेतलासुद्धा. पंजाची पाठ फुगलेली, बोटांच्या सांध्यांवरच्या सुरकुत्या गायब, मनगट कुठे संपतं आणि हात कुठे सुरू होतो ते कळू नये असा सगळा एकसारखा झालेला. कासारणीनं नेहमीसारखा दाब दिला आणि चटकन हात सोडला. तिच्या अंगठ्याचा खळगा मावशीच्या पंजावर तसाच राहिला. आम्ही सगळ्या त्या खळग्याकडे बघत होतो आणि तो भरून यायचं नाव घेत नव्हता.

कुणीतरी म्हणालं, लग्नघरात सवाष्णीचा हात असा ओका ठेवू नये, अडीचची बघा. अडीचचीही चढेनात. मग मामाकडच्या एका वयस्क बाईंनी विषय मिटवला, "जाऊ दे गो. जीव वाचला हे काय थोडं झालं? काकणांचं काय घेऊन बसायचं!" मावशी लगेच "हो तर!" म्हणाली, हसली, पदर सारखा केला आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

मला तो खळगा विसरता येईना, आणि त्याहून ते "हो तर" विसरता येईना.

मावशीच्या छातीचं ऑपरेशन झालं तेव्हा आम्ही सगळे तिच्याभोवती होतो. ती आणि काका दादरच्या गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत राहिले होते, परळला उपचारांना येणाऱ्या बाहेरगावच्या शेकडो कुटुंबांसारखे. डावा स्तन काढला, काखेतल्या गाठी काढल्या, मग केमो, मग रेडिएशन. केस गेले, परत आले. पहिल्या फेरतपासणीचे रिपोर्ट चांगले आले तेव्हा काकांनी धर्मशाळेत पेढे वाटले होते. त्यानंतर आमच्या फोनवरच्या बोलण्यातून तो आजार हळूहळू बाहेर पडला. "बरी आहेस ना?" "बरी आहे." एवढ्यावर आम्ही सगळे आपापल्या कामाला लागलो. हात सुजायला लागला तो त्यानंतर, वर्ष-सव्वा वर्षानं. आधी संध्याकाळी ब्लाउजची बाही रुतायची. मग अंगठी निघेना. मग पाट्यावर वाटण वाटलं की दुसऱ्या दिवशी हात इतका जड, की झोपताना तो कुठे ठेवावा कळेना. तिनं तपासणीला गेल्यावर विचारलंही. रांग मोठी होती, डॉक्टरांनी हात बघितला आणि म्हणाले, असं होतं काहींना, रिपोर्ट स्वच्छ आहेत, काळजी करू नका. ती काळजी न करता परत आली. बाह्या उसवून घेतल्या, अंगठी कापून घेतली आणि पदर डाव्या हातावरून घ्यायची सवय लावून घेतली.

हे सगळं मला लग्न पार पडल्यावर, मांडव उतरल्यावर, तिच्याशेजारी भांडी पुसताना तिनं सांगितलं. तेही तक्रारीच्या सुरात नाही. दिल्या-घेतल्याचा हिशेब सांगावा तसं. सगळ्यांनी इतकं केलं, काकांनी फंडातले पैसे काढले, देवानं जीव दिला, आता हाताचं गाऱ्हाणं कुठल्या तोंडानं सांगायचं? मला वाटतं, आपल्याकडे मोठ्या आजारातून उठलेल्या माणसाला, बाईला तर जास्तच, ह्या उपकाराच्या ओझ्याखाली गप्प केलं जातं. कुणी मुद्दाम करत नाही. प्रेमानंच करतात. पण "जीव वाचला ना" ह्या वाक्यानंतर बोलायला जागा उरत नाही.

त्या हातात काय होत होतं ते मला नंतर समजलं, आणि समजल्यावर शरीराविषयी आदर वाटला. आपल्या बारीक रक्तवाहिन्यांतून दिवसभर पाणी झिरपत असतं, त्याबरोबर प्रथिनंही पेशींच्या मधल्या जागेत येतात. त्यातलं बरंचसं उचलून परत रक्तात नेऊन सोडायचं काम लसीकावाहिन्यांचं. असं उचललेलं पाणी दिवसाला साधारण २ ते ४ लिटर भरतं आणि मानेच्या पायथ्याशी, गळपट्टीच्या हाडामागे, मोठ्या नीलांमध्ये जाऊन मिळतं. ह्या व्यवस्थेला हृदयासारखा पंप नाही. वाहिन्यांच्या भिंती स्वतःच आकसतात, आतल्या झडपा पाणी मागे जाऊ देत नाहीत, बाकीचं काम श्वास आणि स्नायूंची हालचाल करते. वाटेत लसीकाग्रंथींची, म्हणजे काखेतल्या त्या गाठींसारखी, ठाणी असतात, काखेतच वीस-तीस. कॅन्सर पसरलाय का हे बघायला आणि पसरू नये म्हणून नेमकी तीच ठाणी काढतात, उरलेल्यांवर किरणांचा मारा होतो. हातातून वर येणारं पाणी तिथे येऊन अडतं. काहींच्या शरीराला आडवाटा सापडतात, काहींच्या नाही, आणि कधीकधी सापडलेल्या वाटा वर्षभरानं थकतात. काखेतल्या गाठी काढलेल्या साधारण पाचांतल्या एकीला ही सूज येते, डॉक्टर हिला लिम्फिडीमा म्हणतात. आता बऱ्याच ठिकाणी आधी फक्त पहिल्या, पहारेकरी गाठी तपासतात आणि त्या निर्दोष असतील तर बाकीच्या शाबूत ठेवतात. तिथे हे प्रमाण पाच-सहा टक्क्यांवर येतं. मावशीच्या वेळी ते शक्य नव्हतं, गाठींत आजार पोचला होता.

स्तनाच्या कॅन्सरची मोठी शस्त्रक्रिया ज्यांच्या नावानं ओळखली जाते त्या अमेरिकेतल्या हॉलस्टेड ह्यांनी १९२१ साली ह्याच सुजेवर लेख लिहिला आणि तिला शस्त्रक्रियेनं आलेला हत्तीरोग म्हटलं. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या शल्यविशारदाला जे दिसलं तेच आमच्या गावच्या बायकांना दिसलं होतं. मावशीला दोघीतिघींनी दबक्या आवाजात विचारलं होतं, "हत्तीरोगाचा डास तर नाही ना चावला?" डासाचा आणि तिच्या हाताचा संबंध नव्हता, पण बायकांची नजर चुकीची नव्हती. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा ह्या भागात डासामुळे पसरणाऱ्या जंतांनी ज्यांचे पाय सुजतात, त्यांच्याही शरीरात ह्याच वाहिन्या निकामी झालेल्या असतात. तिथल्या रुग्णांना आरोग्य खात्याकडून टब, मग, साबण, टॉवेल मिळतो आणि पाय रोज कसा धुवायचा, बोटांच्या बेचक्या कशा कोरड्या करायच्या हे शिकवतात, कारण तुंबलेल्या पाण्यात जंतू फार लवकर माजतात. मावशीला हे कुणी सांगितलं नव्हतं. घरी परतताना मिळालेल्या कागदावर एवढंच होतं, की ह्या हाताचा रक्तदाब घेऊ नये आणि ह्या हाताला सुई टोचू नये. का, ते नव्हतं. तिनं बिचारीनं तेवढं मात्र देवाच्या नेमासारखं पाळलं.

मालीश करून बघितली होती तिनं. ते तर आपल्याकडे पहिलं सुचतं. आमच्या आजीच्या हाताखालून गावातल्या किती बाळंतिणी गेल्या असतील! कोमट खोबरेल, गुडघ्यावर आडवं घेतलेलं बाळ, शेगडीत ओवा आणि बाळंतशेपा टाकून दिलेली धुरी, हे सगळं बघतच आम्ही वाढलो. अंग दुखलं तर चोळायचं, जितकं जास्त दुखेल तितकं जोरात चोळायचं, आणि दुखणाऱ्यानं "आई गं" म्हटलं की चोळणाऱ्याचा हात योग्य जागी पडला असं समजायचं. बाळंतिणीची मालीश करणाऱ्या गावातल्या एका बाईनं मावशीचा हातही मांडीवर घेतला, नारायण तेल लावलं आणि मनगटापासून खांद्यापर्यंत रग मोडेस्तोवर रगडला. तिची माया खरी होती, तिनं पैसेही घेतले नाहीत. दुसऱ्या दिवशी हात लाल झाला, तापला आणि आणखी फुगला. म्हणून मी पुण्यात एका फिजिओथेरपिस्ट बाईंचा पत्ता काढून "इथे ह्या सुजेसाठी वेगळी मालीश करतात" असं फोनवर सांगितलं, तेव्हा मावशीचं पहिलं उत्तर होतं, "मालीश नको बाई, आता हात लावून घ्यायला नको."

तरी ती आली. काका घेऊन आले, चिपळूणहून सकाळची एसटी पकडून, डब्यात घावणे आणि चटणी बांधून. बाईंची खोली लहान होती. एक खाट, एक पंखा, भिंतीवर शरीराचा नकाशा, त्यात हिरव्या रंगानं काढलेल्या वाहिन्या. त्यांनी आधी टेप घेऊन दोन्ही हात मोजले, पंजा, मनगट, मग दर काही सेंटिमीटरवर एकेक घेर, आणि आकडे वहीत दोन रकान्यांत लिहिले. दुसऱ्या बोटाच्या मुळाशी कातडीची चिमूट घ्यायचा प्रयत्न केला. उजव्या हाताला चिमूट आली, डाव्या हाताला आली नाही. हातावर लाली आहे का, ताप येतो का, पायात कधी रक्ताची गाठ झाली होती का, हृदयाचा काही त्रास आहे का, हे सगळं विचारलं, कारण ह्यातलं काही असलं तर ही मालीश करायचीच नसते. कॅन्सरच्या डॉक्टरांचा कागद नीट वाचला. मावशीनं पिशवीतून तेलाची बाटली काढली तशी त्या म्हणाल्या, "काकू, तेल नको. तेल लावलं की माझा हात घसरेल. मला तुमची कातडी हलवायची आहे."

आणि त्यांनी सुरुवात केली ती हातापासून नाहीच. मावशीला पोटावर हात ठेवून खोल श्वास घ्यायला लावले. मग गळपट्टीच्या हाडाच्या वर, दोन्ही बाजूंच्या खळग्यांत, बोटं सपाट ठेवून अगदी हलके गोल फिरवू लागल्या. बोटं कातडीवरून सरकत नव्हती. बोटांबरोबर कातडी सरकायची, ताणली जायची, मग बोटं तिला सोडून द्यायची आणि ती आपणहून जागेवर यायची. पाच-सहा वेळा एका जागी, मग किंचित पुढे. मी शेजारी स्टुलावर बसून बघत होते आणि खरं सांगायचं तर मला काही होताना दिसत नव्हतं. दाब इतका कमी, की खाली नखाइतकीही कातडी पांढरी पडत नव्हती. मानेनंतर उजवी काख, म्हणजे चांगली बाजू. मग डावी जांघ. मग छातीवरून उजवीकडे, मग कुशीवरून खाली. हाताची पाळी येईपर्यंत पाऊण तास गेला असेल. मध्येच काकांनी न राहवून विचारलं, "मॅडम, सूज तर हाताला आहे."

उत्तर बाईंच्या आधी मावशीनं दिलं, डोळे मिटूनच. "अहो, बागेतला पाट तुंबला की आपण कुठून उपसायला घेतो? पुढचं तोंड मोकळं केल्याबिगर मागचं पाणी जाईल कुठे?"

बाई म्हणाल्या, "काकू, हेच मी विद्यार्थ्यांना शिकवायला दोन दिवस घालवते."

हलक्या हाताचं कारण त्यांनी नंतर सांगितलं. लसीकावाहिन्यांची सुरुवातीची टोकं कातडीच्या लगेच खाली असतात, फार नाजूक, आणि आजूबाजूच्या ऊतींना बारीक धाग्यांनी बांधलेली. कातडी हळू ताणली की त्या धाग्यांनी टोकांची झापं उघडतात आणि पाणी आत येतं. सोडलं की झापं मिटतात. जोरात दाबलं तर ती टोकं चेपून बंद होतात, आणि वर रगडल्यानं रक्त जास्त येऊन आणखी पाणी झिरपतं. म्हणजे गावच्या त्या बाईनं जितक्या मायेनं जोर लावला तितकी वाट बंद होत गेली होती. हे ऐकल्यावर मावशी थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "तिला नका सांगू हां, वाईट वाटेल तिला."

ह्या पद्धतीचं नाव लिम्फॅटिक ड्रेनेज, आणि तिचा उगम डेन्मार्कच्या एमिल आणि एस्ट्रिड व्हॉडर ह्या जोडप्याकडे जातो. १९३०च्या दशकात फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर कान शहरात ते मालीशीचं काम करत. सर्दीनं कायम हैराण असलेले इंग्रज लोक तिथे हवा बदलायला यायचे, त्यांच्या मानेतल्या गाठी टम्म फुगलेल्या असायच्या. गाठींना हात लावायचा नाही असा तेव्हाचा दंडक. व्हॉडरांनी तो मोडला, हलक्या गोल हातांनी, आणि १९३६ साली पॅरिसच्या एका प्रदर्शनात आपली रीत लोकांपुढे मांडली. पुढे जर्मनीत मिखाएल आणि एथेल फ्योल्डी ह्या डॉक्टर जोडप्यानं तिला पट्ट्या, व्यायाम आणि कातडीची निगा ह्यांची जोड दिली, आणि आज जगभर सुजलेल्या हातापायांवर जे उपचार होतात ते ह्या चौकडीवरच उभे आहेत. दोन्ही ठिकाणी नवरा-बायको मिळून काम करत होते हे मला फार आवडलं. पुढे आमच्या घरात जे घडलं त्यामुळे तर जास्तच.

एक गोष्ट मात्र मला सलते. पुण्यात, मुंबईत आज ह्या मालीशीचं नाव घेतलं की समोर येतात ती सौंदर्याची दुकानं. चेहऱ्याची सूज उतरवा, पोट सपाट करा, शरीरातली विषं बाहेर काढा, असल्या जाहिराती, हजारो रुपयांची पॅकेजं, मोबाइलवर गुळगुळीत दगड गालांवर फिरवणाऱ्या मुली. ज्यांच्या वाहिन्या धड आहेत त्यांचं पाणी शरीर आपणहून वाहून नेतं, त्यांना ह्याची गरज नाही. आणि जिच्या काखेतली ठाणी काढून टाकलीत तिला हे असतं हेच ठाऊक नसतं. तिच्या तालुक्याला तर ते करणारं कुणी नसतंच. मावशीला घाट चढून पुण्यापर्यंत यावं लागलं. जिचं कुणी पुण्यात नाही, तिनं काय करायचं?

मालीश हा ह्या उपचाराचा सगळ्यात मोठा भाग नव्हे, हेही बाईंनी पहिल्याच दिवशी स्वच्छ सांगितलं, आणि म्हणूनच माझा त्यांच्यावर विश्वास बसला. खरं काम पट्ट्या करतात. उपचारांवरचे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन ह्या संस्थेनं २०१५ साली घेतलेल्या आढाव्यात पट्ट्यांनी सूज ३० ते ३९ टक्क्यांच्या आसपास उतरलेली दिसली, आणि मालीशीनं तीत आणखी सात टक्क्यांची भर पडली. आकडा लहान आहे. तरी मावशीच्या हातापुरतं मी असं बघितलंय, की ते हलके हात आधी लागले नसते तर तिनं ती पट्टी सहनच केली नसती. पट्टी म्हणजे हाडवैद्याची किंवा मुरगळ्याची क्रेप नव्हे. कमी ताणणारी, जाड, खरखरीत पट्टी. आधी सुती मोजा, मग कापसाचा थर, मग प्रत्येक बोट वेगळं गुंडाळायचं, मग पंजा, मग वर खांद्यापर्यंत, खाली घट्ट आणि वर सैल होत जाणारी. ती ताणत नाही म्हणून आतला स्नायू हलला की तिच्यावर आपटतो आणि पाणी वर ढकललं जातं. म्हणून पट्टी बांधून हात गळ्यात अडकवून बसायचं नाही, मूठ उघड-मीट करायची, भाकरी थापायची, केर काढायचा. पहिले काही आठवडे रात्रंदिवस पट्टी, मग दिवसा घट्ट विणीचा स्लीव्ह, तो साधारण सहा महिन्यांनी सैल पडतो आणि नवा घ्यावा लागतो. त्याची किंमत मावशीनं ऐकली आणि हात मागे घेतला. काका म्हणाले, "पेढे वाटले तेव्हा हिशेब केला नव्हता, आता पण नको." कोकणातल्या मे महिन्यात तो स्लीव्ह घालून वावरणं ही शिक्षा आहे, हे मी तिच्याबरोबर राहून बघितलंय. दुपारी तो काढल्यावर हातावर विणीची जाळी उमटलेली असते आणि ती नळाखाली हात धरून उभी राहते, मग बोटांच्या बेचक्या एकेक करून पंचानं टिपते. एवढंसं खरचटलं तरी आता ती लपवत नाही. एकदा नारळ सोलताना काथ्या टोचून हात लाल झाला, ताप चढला, तेव्हा मालीश, पट्टी सगळं थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठला. असा हात लाल झाला तर रात्र काढायची नसते, अँटिबायोटिक लगेच सुरू करावं लागतं.

पण मला सांगायचंय ते काकांबद्दल. पुण्यात राहून रोज मालीश करून घेणं कायमचं परवडणारं नव्हतं, म्हणून बाईंनी विचारलं, घरी कोण करेल? मी म्हटलं, मावशीची सून शिकेल. मावशीनं नुसती मान हलवली. काका दाराजवळ चपला घालत होते, ते वळले आणि म्हणाले, "मला शिकवा." एसटीत आयुष्य कंडक्टर म्हणून काढलेला माणूस. आमच्यासमोर त्यांनी मावशीला कधी नावानं हाक मारल्याचंही मला आठवत नाही, ऑपरेशनच्या वेळी तिचा हात धरलेलाही मी बघितला नव्हता. बाईंनी त्यांना आधी स्वतःच्या मांडीवर सराव करायला लावला. त्यांची बोटं जाड, तिकिटं फाडून आणि घंटीची दोरी ओढून टणक झालेली. दाब जास्त पडायचा. "काका, हलकं. अजून हलकं. झोपलेल्या बाळाच्या पापणीवर ठेवाल तेवढंच." पुन्हापुन्हा करून त्यांना तो हात साधला. मग खाटेवर मावशी, शेजारी काका, आणि बाईंनी मला खुणेनं बाहेर पाठवलं.

बाहेर बाकावर बसल्यावर माझ्या लक्षात आलं, की ही मालीश छातीवरून जाते. व्रणावरून जाते. डावीकडचं पाणी उजव्या काखेकडे वळवायचं तर ज्या सपाट जागेवर आधी स्तन होता तिथूनच बोटं न्यावी लागतात. नंतर कितीतरी दिवसांनी मावशी मला म्हणाली, की ऑपरेशन झाल्यापासून तिथे फक्त डॉक्टरांचे हात लागले होते, गाठ शोधणारे. ती स्वतःही अंघोळ करताना तांब्यानं नुसतं पाणी ओतायची, हात फिरवायची नाही. काकांनी एवढ्या वर्षांत तिकडे बघितलंही नव्हतं. तिला वाटायचं त्यांना किळस येत असेल. त्यांना वाटायचं तिला आवडणार नाही. "त्यांची बोटं तिथे आली ना, तेव्हा थरथरत होती गो," ती म्हणाली. "मग मीच म्हटलं, अहो, तिथे दुखत नाही आता. तिथे काही कळतच नाही. पण कडेला कळतं." हे सांगताना तिला रडू आलं नाही, मला आलं.

आता रोज संध्याकाळी दिवेलागण झाली की काका हात स्वच्छ धुतात, नखं बघतात आणि मधल्या खोलीचं दार लोटतात. त्या वेळी घरी कुणी हाक मारत नाही, नातवंडांनाही माहीत झालंय. सुरुवातीला शेजारच्या बायकांना गंमत वाटली, म्हातारपणी काय हे दार लावून, असं एक-दोघी म्हणाल्याही. मावशीनं त्यातल्या एकीला सरळ आत बोलावलं, पदर बाजूला करून हात दाखवला, वहीतले आकडे दाखवले. वही काका लिहितात, कंडक्टरच्या अक्षरात, तारीख, पंजा, मनगट, कोपर, दंड. मनगटाचा घेर बराच उतरलाय, दंडाचा कमी. हात पहिल्यासारखा झालेला नाही आणि होणारही नाही. हा दुखण्याचा प्रकार बरा होत नाही, ताब्यात राहतो. कधीकधी, पाहुणे आले, कामं पडली, चार दिवस चुकले की आकडे वर जातात, आणि मग ती चिडते, काकांवर, हातावर, त्या सगळ्या बायकांवर ज्यांचे हात हात आहेत. ते चिडणंही मला चांगलं लक्षण वाटतं. लग्नघरात "हो तर" म्हणून निघून गेलेली मावशी चिडत नसे.

फेरतपासणीला मुंबईला गेली, की ती आता रांगेतल्या बायकांचे पदर बघते. डावा किंवा उजवा हात झाकून बसलेली दिसली की शेजारी जाऊन बसते आणि विचारते, सूज आहे का, अंगठा दाबला तर खळगा राहतो का, डॉक्टरांना विचारलंस का, विचार, नुसतं काळजी करू नका म्हणाले तरी पुन्हा विचार, फिजिओथेरपी कुठे असते ते विचार. मागच्या खेपेला जालन्याकडची एक तरुण बाई भेटली, कापसाच्या शेतात राबणारी, तिचा उजवा हात, कामाचाच. तिनं सुजेसाठी गावात डाग देऊन घ्यायचं ठरवलं होतं. मावशीनं तिला डॉक्टरांसमोर स्वतः नेऊन उभं केलं. पुण्याच्या बाईंचा नंबर दिला, आणि संभाजीनगरात असे उपचार कोण करतं हे त्या कळवणार आहेत. बाई म्हणाली, मला शिकवाल तर मी करीन, पण डाव्या हातानं उजव्याला कसं करू, आणि मालक घरी हात लावतील की नाही, माहीत नाही. मावशीनं तिच्याकडून तिच्या नवऱ्याचा नंबर मागून घेतला. त्याच रात्री धर्मशाळेच्या व्हरांड्यात काका त्याच्याशी फोनवर बोलत होते, बराच वेळ, एसटीतल्या मोठ्या आवाजात. आधी मान, मग काख, हाताला शेवटी यायचं, तेल लावायचं नाही, क्रेपची पट्टी आणायची नाही, आणि लाज वाटत असेल तर दार लावून घ्या.